मोफत कोर्स, मोफत संमती

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. खाणकाम आणि जैवविविधतेवरच्या एका ऑनलाइन कोर्सला पाचपैकी अडीच तारे. पहिले दोन आठवडे उत्तम, तिसरा आणि चौथा डोळे उघडे ठेवून करावा असा, पाचव्यात डोकं फिरतं आणि सहाव्यात परीक्षा. पैसे लागत नाहीत. आठवड्याला चार तास लागतील असं लिहिलंय, मला सहा लागले.

मी पक्ष्यांचं सर्वेक्षण करते, आणि ते पोटासाठी. कुठे खाण, धरण किंवा मोठा रस्ता व्हायचा असला की पर्यावरणाचा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्या आमच्यासारख्यांना कंत्राटावर बोलावतात. पहाटे आखून दिलेल्या रेषेवरून चालायचं, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी फॉर्मवर उतरवायचा, संध्याकाळी तेच सगळं एक्सेलमध्ये चढवायचं. अकरा वर्षं हेच चाललंय. हल्ली कंत्राट देणारे विचारतात, ‘ऑफसेट’चं, म्हणजे एका जागी झालेल्या निसर्गाच्या नुकसानीची दुसरीकडे भरपाई करण्याचं, काही प्रशिक्षण झालंय का? नव्हतं झालं. म्हणून हा कोर्स केला.

विषय खाणकाम आणि जैवविविधतेचं व्यवस्थापन. चालवणारी संस्था आंतरराष्ट्रीय, निसर्गसंवर्धनातली, नावाजलेली. तिचं नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारी एका कोर्सबद्दल आहेत आणि त्या संस्थेत काम करणारी चांगली माणसं मला माहीत आहेत. पहिल्या व्हिडिओच्या शेवटी दोन बोधचिन्हं दिसतात: एक संस्थेचं, दुसरं एका खाण कंपनीचं, खाली ‘यांच्या पाठबळाने’. दोनच सेकंद. तेव्हा मला काही खटकलं नाही. माझं मानधनही शेवटी कुठल्या ना कुठल्या खाणीतूनच येतं, तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवणार?

चांगलं आधी. पहिल्या दोन आठवड्यांत नुकसानीची उतरंड शिकवतात. आधी टाळा. टाळता येत नसेल तर कमी करा. जे बिघडवलं ते परत उभं करा. एवढं करूनही जे नुकसान उरेल त्याचीच भरपाई दुसरीकडे करा. हे मी ऐकून होते, पण इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. शिकवणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाई मातीतल्या आहेत, अगदी शब्दशः. खाण खोदण्याआधी वरची सुपीक माती खरवडून बाजूला ढीग घालतात, पुढे खड्डा बुजवला की वर पसरायला. बाई त्या ढिगापाशी उभ्या राहतात. एका हातात वरच्या थरातली माती घेतात, दुसऱ्या हातात पोटातली. वरची भुसभुशीत, मुळं लोंबणारी. पोटातली काळपट निळी, चिकट. बाई ती नाकाशी नेतात आणि तोंड वाकडं करतात. हवा न मिळाल्यानं आतले जीव मेलेले, बीही गेलेलं. ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नका आणि वर्षानुवर्षं ठेवू नका, असं त्या सांगतात. मी कितीतरी खाणींवर तिमजली ढीग बघितलेत आणि अहवालांत ‘माती जतन केली आहे’ हे वाक्यही वाचलंय. या एका व्हिडिओसाठी एक तारा.

आता सबटायटल्स. मराठीचा पर्याय आहे म्हणून मी मोठ्या कौतुकानं तो चालू केला. भाषांतर यंत्रानं केलंय आणि कुणी वाचून बघितलेलं नाही. इंग्रजीत खाणीला ‘माइन’ म्हणतात आणि ‘माझं’ यालाही ‘माइन’च. यंत्रानं दुसरा अर्थ उचलला. त्यामुळे सहा आठवडे पडद्यावर अशी वाक्यं येत राहतात: ‘माझे सुरू होण्यापूर्वी गावकऱ्यांशी बोलावे.’ ‘माझे पुढची तीस वर्षे येथेच राहील.’ ‘माझे बंद झाल्यावर जमीन परत करावी.’ पहिल्यांदा हसून हसून पुरेवाट झाली. नंतर नंतर वाटायला लागलं, यंत्र म्हणतंय त्यात तसं चुकीचं काही नाही.

दुसरी गंमत जास्त महागाची. जमिनीच्या मूळ रहिवाशांकडून जी संमती घ्यायची, ती कुणाच्या दबावाखाली नसलेली, काम सुरू होण्याआधीची आणि सगळी माहिती हातात असताना दिलेली हवी. तिच्या इंग्रजी नावातला पहिला शब्द ‘फ्री’. यंत्रानं लिहिलं: मोफत संमती. मी व्हिडिओ थांबवून त्या दोन शब्दांकडे बघत बसले.

तिसऱ्या आठवड्यात एक एक्सेलची फाइल देतात. ज्यांना कोर्सला वेळ नाही त्यांनी निदान ही उतरवून घ्यावी. माझ्या दृष्टीनं अख्ख्या कोर्सचं सार तिच्यात आहे, शिकवणाऱ्यांच्या मनात असो वा नसो. खाणीत १००० हेक्टर जंगल जाणार. त्याचा दर्जा, शून्य ते एक या मापावर, ०.६. गुणाकार केला की नुकसान ६०० ‘गुणवत्ता हेक्टर’. आता हे कुठून तरी भरून काढायचं. नवं जंगल लावायला वेळ लागतो आणि ते जगेलच असं नाही. म्हणून सोपा मार्ग: दुसरीकडचं उभं जंगल राखायचं आणि म्हणायचं, आम्ही राखलं नसतं तर हे तुटलं असतं. जे तुटलं असतं पण तुटलं नाही, ते तुमच्या खात्यात जमा.

फाइलमध्ये असं एक ५००० हेक्टरचं जंगल दिलंय, दर्जा तोच ०.६, मुदत २० वर्षं. आणि एक पिवळी चौकट: ‘हस्तक्षेप न केल्यास दरवर्षी होणारी घट, टक्के’. तिच्यात मी ०.५ भरलं. वीस वर्षांत १० टक्के, म्हणजे ५०० हेक्टर, गुणिले ०.६, जमा ३००. खालची चौकट लाल. मग १ भरलं. जमा ६००, हिशेब चोख, चौकट पांढरी. मग २ भरलं. जमा १२००, नुकसानीच्या दुप्पट. चौकट हिरवीगार झाली आणि शेजारी शब्द उमटले: ‘निव्वळ लाभ’. जंगल तेच. झाडं तीच. मी फक्त एक आकडा बदलला होता.

आणि तो आकडा म्हणजे कोण? शेजारीच कारण निवडायची यादी होती: स्थानिक शेती, जळण, चराई, शिकार, वणवा. म्हणजे त्या दुसऱ्या जंगलाच्या कडेला राहणारी माणसं. त्यांची कुऱ्हाड जितकी धारदार दाखवाल तितके गुण जास्त. ती माणसं जंगल सांभाळून राहतात असं लिहिलंत तर घट शून्य, आणि शून्याला कितीनंही गुणा, खाणीच्या खात्यात काही पडत नाही. भरपाईच्या या प्रकाराला गुन्हेगार लागतो. यादीत मी ‘खाणीचा रस्ता’ शोधला, तो नव्हता. इतर कारणं लिहायलाही जागा नव्हती.

एवढं शिकवून कोर्स पुढे सरकतो. हिशेबात अशी गोम आहे, हे कुणी तोंडातून काढत नाही. आमच्या धंद्यात ती सगळ्यांना माहीत असते, आणि तो आकडा ‘तज्ज्ञांच्या अंदाजानुसार’ असं लिहून ठरवतात. ते तज्ज्ञ कधीकधी मीच असते.

चौथ्या आठवड्यात प्रत्यक्षातलं उदाहरण म्हणून मादागास्कर येतं. (कोर्सची प्रायोजक कंपनी वेगळी, हे मुद्दाम सांगते.) देशाच्या आग्नेय टोकाला फोर्ट डॉफिनजवळ रिओ टिंटो कंपनीची इल्मेनाइटची खाण आहे. इल्मेनाइट म्हणजे काळी जड वाळू. तिच्यातून मिळणारं टायटॅनियम डायऑक्साइड भिंतींच्या पांढऱ्या रंगापासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे जातं. ही वाळू नेमकी दुर्मिळ किनारी जंगलाखाली. २००४ मध्ये बँकॉकच्या जागतिक संवर्धन परिषदेत कंपनीनं जाहीर केलं होतं की आमच्या कामाचा जैवविविधतेवरचा निव्वळ परिणाम चांगलाच असेल. पक्षीवाल्यांची जगातली सगळ्यात मोठी संस्था, बर्डलाइफ इंटरनॅशनल, तेव्हा २००१ पासून कंपनीची भागीदार होती. खाणीत जाणाऱ्या जंगलाच्या बदल्यात उत्तरेकडे त्सितोंगाम्बारिकाच्या डोंगरात, बेमांगिडीचं जंगल राखायचं ठरलं, आणि बर्डलाइफची तिथली सहकारी संस्था त्या कामात आली.

व्हिडिओ सुंदर आहे. ड्रोननं घेतलेलं धुक्यातलं जंगल, लेमूर, रोपवाटिकेत वाकलेल्या बायका. पण तो इथेच संपतो. २०१५ मध्ये वर्ल्ड रेनफॉरेस्ट मूव्हमेंट आणि रे:कॉमन या दोन संस्थांचे लोक त्या जंगलाकाठच्या गावात जाऊन आले. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांना तिथे मनाई झाली होती आणि ते काही किलोमीटरवरच्या वाळूच्या टेकाडांवर कसावा लावून बघत होते, असं त्यांच्या अहवालात आहे. वाळूत कसावा किती येणार? म्हणजे खाण एका ठिकाणी, आणि तिच्यासाठी पोटाला चिमटा दुसऱ्याच गावानं घ्यायचा. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच. फक्त इथे त्याला मोजमाप आहे, पत्रक आहे आणि पक्षीप्रेमींचा शिक्काही आहे. पुढे कंपनीनं निव्वळ चांगल्या परिणामाचं ते ध्येय सोडलं, आणि २०१६ मध्ये खाणीच्या जैवविविधता सल्लागार समितीनं राजीनामे दिले. कोर्समध्ये यातलं एक अक्षर नाही. धुकं, लेमूर, रोपवाटिका, संपलं.

पाचवा आठवडा माणसांचा. नाव ‘सामाजिक जोखीम’. नावातच सगळं आलं. जोखीम कुणाला, तर प्रकल्पाला. जागतिक बँक गटातल्या आयएफसीची कर्जासाठीची मानकं आहेत, २०१२ पासूनची. सहावं मानक जैवविविधतेचं, सातवं आदिवासी समाजांचं, आणि त्या सातव्यातच संमतीची अट आहे. सहाव्याला कोर्सनं जवळजवळ दोन आठवडे दिलेत. सातव्याला एक व्हिडिओ, अकरा मिनिटांचा. मी घड्याळ लावून बघितलं. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याचं नाव एकदा येऊन जातं. १३ सप्टेंबर २००७ ला तो १४४ मतांनी मंजूर झाला, विरोधात चारच देश, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका, आणि चौघांनीही पुढे भूमिका बदलली. त्याच्या ३२ व्या कलमात खनिजांचा स्पष्ट उल्लेख करून आधी संमती मिळवायला सांगितलंय. खाणीच्या कोर्समध्ये खनिजाचं कलम वाचायला इतका वेळ लागला असता का?

त्याऐवजी एक स्लाइड येते: जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या भूमीवर आहे. ऐकायला गोड. पण हा आकडा कुठून आला याचा माग काढून काही अभ्यासकांनी, ज्यात आदिवासी समाजांतलेही होते, सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की त्याला आधारच नाही. आपल्याच बाजूचा आकडा आहे म्हणून तो वापरत राहिलो तर उद्या खरी गोष्टही कुणी ऐकणार नाही, ही त्यांची काळजी मला पटते. खरा आकडा हवा होता तर तो होता की. २०२२ च्या एका अभ्यासात, बॅटऱ्या, पवनचक्क्या वगैरेंना लागणाऱ्या खनिजांचे जगभरातले ५०९७ प्रकल्प तपासले. त्यांतले ५४ टक्के आदिवासींच्या जमिनीवर किंवा तिच्या आसपास निघाले. पण हा आकडा स्लाइडवर टाकला की पुढचा प्रश्न खाणीला विचारावा लागतो.

याच आठवड्याच्या चाचणीत माझं एक उत्तर चुकलं. दहा प्रश्न होते, नऊ बरोबर. चुकलेला प्रश्न असा: प्रकल्पक्षेत्रातल्या समाजाशी संवाद कधी सुरू करावा? पर्याय चार. मी पहिला निवडला, ‘जागा निश्चित करण्याआधी’. लाल फुली. बरोबर उत्तर तिसरं: ‘परिणामक्षेत्राची सीमा आणि उपाययोजनांचा आराखडा तयार झाल्यावर, जेणेकरून अवास्तव अपेक्षा निर्माण होणार नाहीत.’

मी त्यांना ईमेल केला. तुमच्याच अकरा मिनिटांच्या व्हिडिओत संमती ‘आधीची’ हवी असं सांगितलंय, मग आराखडा तयार झाल्यावर ती आधीची कशी? आठवडाभरानं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. संवाद आणि संमती या वेगळ्या पायऱ्या आहेत, प्रश्न पहिल्या पायरीबद्दल आहे, आणि याबाबत तज्ज्ञांमध्ये मतभिन्नता आहे. मतभिन्नता असेल तर फुली कशाला? गुण वाढले नाहीत. गुणांसाठी मी भांडतही नव्हते.

याच ठिकाणी तीन उदाहरणं शिकवायला हवी होती, असं माझं मत. मी ती कोर्सबाहेर वाचली.

पहिलं ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराचं. जुकन गॉर्ज इथल्या दगडी गुहांत माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपर्यंतच्या खुणा होत्या. त्यांत माणसाच्या केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा एक तुकडा मिळाला, चार हजार वर्षांपूर्वीचा. त्यातला जनुकीय धागा आज तिथे असलेल्या पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटोनं लोहखनिजासाठी स्फोट करून त्या गुहा उडवल्या. कागद पूर्ण होते. १९७२ च्या कायद्याखाली २०१३ मध्ये परवानगी मिळालेली होती. गदारोळानंतर कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. परवानगी आणि संमती यांतला फरक शिकवायला याहून स्वच्छ धडा नाही, आणि तो एका व्हिडिओत मावतो.

दुसरं बोट्सवानातलं. हे जरा सावकाश सांगते, कारण निसर्गसंवर्धन आणि खाण दोन्ही एकाच जमिनीवर इथे भेटतात. सेंट्रल कलहारी गेम रिझर्व १९६१ मध्ये झालं, जवळपास ५२,८०० चौरस किलोमीटर. तिथे पूर्वापार राहणाऱ्या सान लोकांनी तिथेच राहावं, हाही ते राखीव करण्यामागचा हेतू होता. १९९७ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये सरकारनं त्यांना बाहेर हलवलं. कारण सांगितलं वन्यजीवांचं आणि लोकांच्या विकासाचं. हिऱ्यांशी काही संबंध नाही असं सरकार ठामपणे म्हणत राहिलं. २००२ मध्ये तिथल्या मोथोमेलो वस्तीची बोअरवेलही बंद केली. लोक कोर्टात गेले. १३ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयानं त्यांना तिथे राहण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. पण पाणी? त्यासाठी आणखी एक खटला, आणि २०११ च्या जानेवारीत अपिलात जाऊन त्यांना स्वतःची बोअरवेल वापरायचा हक्क मिळाला. आणि २०१४ मध्ये त्याच राखीव क्षेत्रात घाघू नावाची हिऱ्यांची खाण सुरू झाली. प्राण्यांसाठी माणसं नकोत, पण खाण चालते. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष होते इयान खामा, आणि ते कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या बड्या निसर्गसंवर्धन संस्थेच्या संचालक मंडळावरही होते. मी यातून कुणी कुणाला काय सांगितलं असा अर्थ काढत नाही. एवढंच म्हणते, जिथे ही माणसं एका टेबलावर बसतात तिथे सान लोकांसाठी खुर्ची नसते.

तिसरं ओडिशातलं नियमगिरी. ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं या डोंगरातल्या प्रस्तावित खाणीचा विषय ग्रामसभांकडे पाठवला, आणि बारा गावांच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. बारा म्हणजे बारा. संमती मागितली तर ‘नाही’ हेही उत्तर येऊ शकतं, हे कोर्सच्या एकाही आकृतीत नाही. त्यांच्या आकृतीत संवादाच्या चौकटीतून निघालेला बाण नेहमी पुढच्याच चौकटीत जातो.

आता कोर्सच्या बाजूनंही बोलायला हवं. खाण कंपन्यांशी बोलायचंच नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. २००३ मध्ये आयसीएमएम या बड्या खाण कंपन्यांच्या संघटनेनं जागतिक वारसा स्थळांत शोधही घेणार नाही आणि खाणही काढणार नाही असं कबूल केलं, ते आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेशी चाललेल्या बोलण्यातून. ही छोटी गोष्ट नाही. संवर्धनवाले त्या खोलीत नसते तर कदाचित तेही झालं नसतं. पण खोलीत बसायचं भाडं कोण देतं, हा प्रश्न जुनाच आहे. २००४ च्या अखेरीस मॅक चॅपिन या मानववंशशास्त्रज्ञानं लेख लिहून तीन सर्वांत मोठ्या संस्थांची नावं घेऊन हेच विचारलं होतं: डब्ल्यूडब्ल्यूएफ, कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी. कंपन्यांचा आणि सरकारांचा पैसा वाढत गेला तसतसा आदिवासींबरोबर काम करायचा उत्साह ओसरत गेला, असा त्याचा मुद्दा. खूप धुरळा उडाला. वीस वर्षं होऊन गेली. मी केला तो कोर्स त्या धुरळ्यानंतरचा आहे, हे पटायला जड जातं.

चौथ्या आठवड्यात नकाशाचंही एक काम असतं, ते सांगायचं राहिलं. एकावर एक थर चढवत जायचं: राखीव क्षेत्रं, दुर्मिळ प्रजातींचे पट्टे, पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या जागा, नद्या, खनिजपट्टे. काम झकास आहे, दोन तास कसे गेले कळलं नाही. पण कुणाची वहिवाट कुठे आहे, याचा थर नाही. तो बनवणं अशक्य आहे असंही नाही. लँडमार्क नावाचा जगभरातल्या आदिवासी आणि सामूहिक जमिनींचा नकाशा २०१५ पासून सगळ्यांना बघता येतो. अपुरा आहे, पण आहे. तो मी स्वतः शेजारी उघडून ठेवला. कोर्सच्या नकाशात ‘मोकळी, भरपाईसाठी योग्य’ म्हणून फिकट हिरव्या रंगात दाखवलेला एक मोठा तुकडा त्या दुसऱ्या नकाशात भरलेला होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला आम्हाला दोन क्लिक पुरले.

इथे माझं स्वतःचं एक सांगायला हवं, नाहीतर सगळं दुसऱ्यावर ढकलल्यासारखं होईल.

एका सर्वेक्षणात वाट दाखवायला तिथलेच एक वयस्क गृहस्थ असायचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. एका पहाटे मी रेषेवरून चालत होते, दुर्बीण झाडावर, लक्ष वर. मागून आवाज आला, “ताई, पाय उचलू नको.” मी थिजले. बाबा खाली बसले आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर बोट दाखवलं. सुक्या पानांत, उघड्या जमिनीवर, दोन अंडी. घरटं नाही, काडी नाही. रातवा असाच अंडी घालतो. मी दोन मिनिटं बघत होते तरी मला तिथे आधी फक्त माती दिसत होती. अंड्यांवर पान पडावं तशी बसलेली मादी आमच्या चाहुलीनं नुकतीच उडाली होती, आणि तिला उडताना फक्त बाबांनी बघितलं होतं.

संध्याकाळी मी फॉर्म भरला. रातवा, विणीचा पुरावा, अंडी दोन. निरीक्षक: माझं नाव. त्याच फॉर्मवर खाली एक रकाना असतो, ‘अधिवासातील मानवी अडथळा’. त्या सकाळच्या रेषेवर आमच्या पथकाबाहेरचं जे कोणी दिसेल ते तिथे लिहायचं. बाबा पथकात नव्हते, त्यांना रोजंदारी होती. मी लिहिलं: पुरुष, एक. अहवालात पुढे त्याची टक्केवारी झाली. तो अहवाल कुणी कुठल्या पिवळ्या चौकटीसाठी वापरला की नाही, ते मला कळायचा मार्ग नाही. पण आता ती चौकट कशी असते ते मी बघितलंय.

म्हणून कोर्स वाईट म्हणून सोडून द्या असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखं सर्वेक्षणाचं काम करणाऱ्यांनी जरूर करावा. आपण भरलेला आकडा पुढे कुठे जातो हे एकदा तरी समजतं. गावात, ग्रामसभेत, चळवळीत काम करणाऱ्यांनी तर तिसऱ्या आठवड्याची एक्सेल नक्की बघावी. उद्या कुणी ‘निव्वळ लाभ’ असं छापलेला कागद घेऊन आलं तर घट किती टक्के धरली आणि कुणाच्या नावावर, एवढे दोन प्रश्न विचारता येतील. विद्यार्थ्यांनी फक्त हाच कोर्स करून थांबू नये.

बाकी किरकोळ. मोबाइलवर नकाशाचं काम नीट होत नाही, संगणक हवा. शेवटच्या परीक्षेला नव्वद मिनिटं, ती पुरतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. मला ९१ मिळाले. प्रमाणपत्राची पीडीएफ लगेच येते, त्यावर पुन्हा तीच दोन बोधचिन्हं, यावेळी दोन सेकंदांसाठी नाही तर कायमची. माझं आडनाव चुकलं होतं, ते एका दिवसात दुरुस्त करून दिलं.

दुरुस्तीवरून आठवलं. सबटायटल्समधल्या चुकांची यादी मी वेगळी करून पाठवली होती, व्हिडिओच्या मिनिट-सेकंदांसकट, एकूण ४३. उत्तर लगेच आलं, आभार मानले, आणि खरंच काम केलं. परवा पुन्हा उघडून बघितलं तर सगळीकडे ‘माझे’ जाऊन ‘खाण’ आलंय. ‘मोफत संमती’ मात्र तशीच आहे. पाचवा आठवडा, सातवं मिनिट.